तीन शिरांचं पान

रुक्सानाच्या नसीमचा फोन सकाळी आठला दवाखान्यातून आला. "काकी, अम्मी गेली..." मग म्हणाली, "अम्मीची बोरीची पानं आहेत का तुमच्याकडं? घरातली संपलीत. दुपारच्या नमाजाआधी आंघोळ घालायचीय." रुक्सानाने दिलेली त्या पानांची शेवटची भुकटी मी आदल्याच दिवशी केसांना लावून डबा धुऊन पालथा घातला होता.

रुक्साना मूळची दापोलीची, इथं रियाधला दवाखान्यात नर्स. अल मलाझ भागात वीस वर्षं आमची दारं समोरासमोर. शुक्रवारी ती मला शहराबाहेरच्या वादीत न्यायची. वादी म्हणजे आपला कोरडा ओढाच, पण काठाला झाडी दाट. तिथल्या बोरीला इथले लोक सिद्र म्हणतात. तिची पानं रुक्साना वाळवून, कुटून ठेवायची. आपल्याकडची कुणी मुसलमान बाई इथं परमुलखात वारली, की शेवटच्या आंघोळीच्या पाण्यात ती घालायची, न्हाऊ घालायलाही स्वतः जायची. उरलेली भुकटी माझ्या केसांना. "मला पण माझ्याच बोरीची हवीत हां," म्हणायची, लग्नातली साडी सांगून ठेवावी तशी.

आणि मी? मला सगळीच बाभूळ. "वैनी, ही तल्ह, हिला म्हणा बाभूळ. पण तो अथल आहे गो, त्याला काटाच नाही, तो पण बाभूळ?" मी हो हो म्हणायची आणि थर्मासातला चहा ओतायची.

त्या सकाळी मुलाला घेऊन वादीत पोचले, तर झाडं सगळी सारखीच. "आई, यातलं कुठलं?" तो विचारतोय, आणि मी या काट्यांतून त्या काट्यांत... बोरंही संपलेली, नुसता पाला. शेवटी तिचं बोट आठवलं. पान तळहातावर ठेवून देठापासून निघालेल्या तीन शिरांवरून ते फिरवायची. "मधली आई, दोन्हीकडं लेकी." तसं पान सापडलं. ओढणी भरून घेतली, हात ओरबाडले.

मशिदीच्या न्हाणीघरापाशी पोचलो तेव्हा आंघोळ झाली होती. तिथलीच पाकिटातली भुकटी घातली होती. "राहू द्या काकी, तीही सिद्रच," नसीम म्हणाली आणि माझ्या हातांवरचं रक्त पुसत बसली.

दीड महिना झाला. ती पानं मी वाळवली, कुटली, तिच्याच डब्यात भरली. केसांना लावत नाही. नसीमला सांगून ठेवलंय, कुणाला लागली तर माझं दार वाजव. रोज झाकण उघडून बघते... भरलेला आहे ना, एवढंच.