अलार्मावरची करवंटी

शिरोड्यात घरी धुराचा अलार्म बसवणारा पहिला माणूस बहुतेक मीच. त्याला टोपी घालणारा तर नक्कीच मी.

वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. गेल्या वर्षी एक नर्स खोल्या बघायला आली, कोल्हापूरकडची. रात्रपाळी करून सकाळी यायचं, आंघोळ करून दुपारभर झोपायचं, असं तिचं वेळापत्रक. खोल्या आवडल्या. परत उतरताना मात्र ती जिन्यावर थांबली. आमचा जिना लाकडी. तो उतरतो मागच्या पडवीत, न्हाणीच्या चुलीपासून चार पावलांवर. जिन्याखाली जळणासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, रचलेली.

"वरून खाली यायला हा एकच रस्ता?"

"एकच. पण मजबूत आहे," मी म्हणालो.

"काका, मी भाजलेले पेशंट बघते. आणि झोपले की मेल्यासारखी झोपते. धुराचा अलार्म लावणार असाल तर राहते."

असला नियम आमच्याकडे कुणी ऐकलेला नाही. घरपट्टी भरलीस का विचारतात, धुराचं कोण विचारतो? पण तिने भाडेकरारात ओळच घालून घेतली: अलार्म घरमालक बसवेल आणि दर महिन्याला बटण दाबून तपासेल. मी ऐटीत सही केली.

अलार्मासोबत कागद होता. जिन्याच्या माथ्यावर, झोपायच्या खोलीबाहेर लावा, स्वयंपाकघरात लावू नका, असं त्यावर चित्रांसकट होतं. हे मी नंतर वाचलं. स्वयंपाकघराच्या तुळईला जुन्या दिव्याचे स्क्रू आयते होते आणि पडवी दारापलीकडेच. शिवाय धूर जिथे होतो तिथे अलार्म, इतकं मला कळतं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने तव्यावर बांगडे टाकले आणि तो जो बोंबलला, शेजारच्या आवारातले कुत्रेही त्याला साथ देऊ लागले.

"अहो, ह्याका आधी गप करा! बांगडो परतूचो काय ह्याची समजूत घालूची?"

"अगो, काम करता हा तो. बघ कसो हुशार!"

"हुशार आसा तर त्येका सांगा, ह्यो बांगडो आसा, आग नाय."

वरून नर्स अनवाणी धावत आली. तिने तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत झोपायला गेली. असं तीनदा झालं. तिची झोप मोडते हे मला बघवेना. मग मी डोकं चालवलं. अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केली, दोन भोकं पाडली, दोरी ओवली. मासे तळायच्या वेळी दोरी ओढून खिळ्याला अडकवायची, की करवंटी अलार्मावर घट्ट बसायची. माप असं जुळलं, जणू माडाने ती त्यासाठीच धरली होती.

"सोडूक इसारलात तर?" बायकोने विचारलं.

"मी? माका काय समाजलंस?"

महिन्याचं बटण राहिलं. ते करवंटीखाली होतं ना.

आता माझी एक सवय सांगतो. आंघोळीचं पाणी तापलं की अर्धं जळलेलं सोडण मी चुलीतून ओढतो, वर पाण्याचा हबका मारतो आणि उद्यासाठी ढिगावर ठेवतो. आमच्याकडे सगळेच ठेवतात. सोडण बाहेरून काळं, थंड दिसतं. आत मात्र तासन्‌तास धुमसत राहतं.

त्या दिवशी नर्सच्या पाण्यासाठी लावलेलं सोडण मी असंच ठेवलं. दुपारी जेवून ओटीवर आडवा झालो. जाग आली ती तिच्या हाकेने. जिना धुराने भरलेला, ती खोकत खाली उतरलेली आणि हातातली बादली ढिगावर ओतत होती. बायकोने दुसरी बादली आणली. मी तिसरी. ज्वाळा अजून उठल्या नव्हत्या, पण जिन्याची खालची पायरी काळी पडली होती.

विझल्यावर नर्सने स्वयंपाकघरात येऊन वर बघितलं. दोरी जेवणापासून खिळ्यालाच अडकलेली होती.

"हे काय आहे?"

"टोपी," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आज खोकल्याने जाग आली," ती शांतपणे म्हणाली. "रोज येणार नाही. मी उद्यापासून दुसरी खोली बघते."

ती कामावर गेली आणि मी तो कागद काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अलार्म काढून तिच्या दाराबाहेर, जिन्याच्या माथ्यावर लावला. न्हाणीची चूल मागच्या अंगणात हलवली. सोडणं वाडीतल्या खोपीत नेली, चुलीपाशी भरलेली बादली ठेवली. करवंटी बायकोने न विचारता चुलीत घातली.

सकाळी नर्स आली. खांद्यावरची बॅग तिने उतरवली नाही. मी सगळं दाखवलं.

"नुसतं बघून नको. मी आत झोपते, तुम्ही धूर करा."

बॅग बाहेर ठेवून ती आत गेली, दार लावून घेतलं. बायकोने धुपाटणं आणलं, मी स्टुलावर चढून ते वर धरलं. अलार्म कर्कश ओरडू लागला. आम्ही दोघं बंद दाराकडे बघत राहिलो. मी मनात आकडे मोजत होतो.

"ऐकलं!" आतून आवाज आला. "आता बंद करा, मला झोपायचंय. आणि बॅग तेवढी आत सरकवा."

"बंद कसो करूचो?" कानांवर हात ठेवून बायकोने विचारलं.

कागदावर होतं ते: वाजत असताना तपासायचंच बटण दाबलं की तो गप्प होतो. मी बटण दाबलं.