माझ्या वाटणीची लस

तुमची आई माझ्या पोटात होती तेव्हा ठाण्यात फ्लूची मोठी साथ आली. घरोघरी लोकांना ताप आला. मला मत्सर झाला.

कारण माझी धाकटी जाऊ, सुनंदा. नौपाड्यात आम्ही एकत्र राहायचो आणि त्या वर्षी दोघींना एकदमच दिवस गेले होते. (मला थोडे आधी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असे.) आमच्या सासूबाई, म्हणजे माई, वाटणीला फार कडक. एकीला जी साडी तीच दुसरीला, एकीला जेवढा लाडू तेवढाच दुसरीला. पण एकीने नको म्हटलं की तिचा लाडू लगेच दुसरीच्या ताटात.

आमच्या डॉक्टरांनी ओळखीतून मुंबईहून फ्लूच्या लशीची पेटी मिळवली, खास गरोदर बायकांसाठी. सुनंदाने लगेच दंड पुढे केला. मी पडले इंग्रजी शाळेतली.

"मी आधी माहिती वाचीन," मी म्हटलं.

डॉक्टरांनी लशीबरोबरचा कागद दिला. अक्षर मुंगीएवढं. मी पेन्सिलीने रेघा मारत तो वाचत बसले. (मला सुईची भीती वाटते, पण रेघा मारणाऱ्या बाईला घाबरट म्हणायचं कुणाला सुचत नाही.)

दुसऱ्या दिवशी सुनंदाचा दंड दुखू लागला. झालं, तिला गरम शिरा आणि मला कणीक.

"माई, मला शिरा?"

"तुझा दंड दुखतोय का?"

"नाही."

"मग मळ."

हेही मी सोसलं असतं. पण आमच्या दोघींचं डोहाळजेवण एकत्र ठरलं होतं. मुलांनो, त्यात होणाऱ्या आईला फुलांचे दागिने घालतात, सजवलेल्या झोपाळ्यावर बसवतात, सगळ्या बायका तिचं कौतुक करतात. आयुष्यात एवढं कौतुक पुन्हा होत नाही. आणि डॉक्टर म्हणाले, साथीत लस न घेता एवढ्या गर्दीत बसू नका.

"मग सुनंदा बसेल झोपाळ्यावर," माईंनी निकाल दिला. "तू स्वयंपाकघर बघ. तिथे गर्दी नसते."

मी कागदाची घडी घातली आणि चप्पल शोधली.

दवाखान्यात माझ्याबरोबर सुनंदाही आली, गंमत बघायला. बाकावर पोटुशा बायकांची रांग होती आणि डॉक्टर त्यांना विनवत होते. एक म्हणे बाळाला बाधेल, दुसरी म्हणे नवऱ्याला विचारून सांगते, आणि हिरा कोळीण म्हणे, आधी बाकीच्या घेऊ देत. पेटी जवळजवळ भरलेलीच होती.

"डॉक्टर, मला लस द्या," मी म्हटलं. "पण हिला दिली तेवढीच. थेंबभरही कमी नको."

"वहिनी, सगळ्यांना सारखीच असते."

"हिची सिरींज मोठी होती. मी पाहिली."

"ताईंचं नक्की नसेल तर त्यांची मला द्या," सुनंदा म्हणाली. "आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"खबरदार! माझी लस आहे ती."

"एवढा वेळ वाचत होतात तेव्हा नव्हती का?"

डॉक्टर दोघींच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. तेवढ्यात मागे हालचाल झाली. दोन शिकलेल्या बायका जिच्यासाठी भांडतात ती वस्तू साधी नसणार, हे बाकाने ओळखलं होतं. हिरा मला कोपराने बाजूला सारत म्हणाली, "तुना नको व्हती ना? मंग मना दे. माजा नंबर पयला हाय." तिच्यामागून नवऱ्याला विचारणारी आली, तिच्यामागून बाधेलवाली. मी सुनंदाला सिरींजच्या आकाराबद्दल सुनावत राहिले. सुनावून झालं तेव्हा डॉक्टर हात धूत होते.

"पेटी संपली, वहिनी."

डोहाळजेवणाला सुनंदा मोगऱ्यात बुडून झोके घेत होती. मी हट्टाने हिरवी साडी नेसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून झोपाळ्याची एक बाजू पाहिली. माई आत येऊन म्हणाल्या, "लस घे, मग तुझंही करू. आता वाटली डाळ पाठव."

काही दिवसांनी डॉक्टर स्वतः घरी आले. मला वाटलं, माझी लस घेऊन आले.

"दुसरी पेटी आली आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण नव्या बायका मला तोंडच उघडू देत नाहीत. वहिनी, तुम्ही येऊन परत एकदा भांडाल का?"

"आधी माझं इंजेक्शन," मी म्हटलं.

"मीही येते," सुनंदा आतून ओरडली. "एकटीने भांडण होत नाही."

मला इंजेक्शन मिळालं, यथावकाश झोपाळाही मिळाला. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही मन लावून भांडलो आणि दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली. मी दुखरा दंड धरून ऐटीत बाहेर निघाले, तेव्हा बाकावरची एक बाई शेजारणीला सांगत होती, "थोरली ठीकच आहे गं. पण धाकटी किती छान भांडते."