लाइट गेल्यावरचं गाणं

लाइट गेली की मला धामणगाव बढ्याचा तो जयंतीचा कार्यक्रम आठवतो. भीमगीतांची पार्टी रंगात आली होती, पेटीवाला घामाने निथळत होता आणि काकाने सेलवरचा टेपरेकॉर्डर बायकांच्या सतरंजीवर ठेवून गाणी भरायला लावली होती. ऐन कडव्यात लाइट गेली, माइक बंद पडला. गायक थांबला नाही, पण त्याचा आवाज मागे पोचेना, तेव्हा बायकांनीच गाणं उचललं. टेपच्या अगदी जवळ माझी माय बसली होती. दुसऱ्या दिवशी कॅसेट ऐकून काका वैतागला, "गायक तं आयकूच येत नाही, वयनीच गाऊन राह्यली. याच्यावर दुसरं भरतो." माय पदराआड हसली, "पुसून टाका भाऊजी, कशी रेकते मी." तिचं कधीच कौतुक न करणारे बाबा भाकर मोडता मोडता म्हणाले, "राहू दे बे. मले तेच आयकाचं हाये." माय गेल्यावर मी ते गाणं मोबाइलवर उतरवून घेतलं. मी आता कॉलेजात संगीत शिकवतो. लाइव्ह रेकॉर्डिंग कोणतं ऐकावं असं मुलांनी विचारलं की आधी हेच लावतो. घरी गेलो की बाबा हळूच विचारतात, "पोरायले आवडलं का तिचं गाणं?"