धाऊची मिरची

१९४३ साली मी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होतो. शेजारी सकुबाई आणि तिचा नवरा कोंडू राहत. त्यांचा एकुलता मुलगा धाऊ बैलांवर तांदूळ लादून नाणेघाटाने जुन्नरला जाई. एका खेपेत त्याने कुठल्याशा मळ्यातून बुटक्या, जाड सालीच्या मिरचीचं बी आणून परसात लावलं. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा. कोंडूच्या पोटाला तिखट सोसत नसे. पण या मिरचीत केलेलं सुकटीचं कालवण असलं की तो दोन भाकऱ्या खाई.

वैशाखात धाऊ तापाने गेला. सुतकात घरच्यांनी झाडाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. शेजारच्या गिरजाने पाणी घालायचं ठरलं होतं, पण सुतकाच्या परसात पाऊल टाकायला तिच्या सासूने मनाई केली. सगळ्यांनी रीत नीट पाळली. अकराव्या दिवशी पाचही झाडं वाळलेली होती. मिरच्या कोवळ्या, त्यांत बी धरलं नव्हतं, आणि जुनं होतं तेवढं पेरून झालं होतं. सकुबाईने झाडं उपटली, परस झाडून काढलं.

कोंडू पेजेवर आला. मग पेजही अर्धी ठेवू लागला. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

सकुबाई मुरबाडचा बाजार फिरली. मग दिवसभर चालून शहापूरला गेली. तशीच बेताची तिखट बेडगी मिरची लढाईपायी येत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. धाऊने बी कुणाच्या मळ्यातून आणलं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने साधी लांब मिरची आणली. एकेक चिरून बी आणि शिरा काढल्या, सालं गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं, मग भाजलेल्या कांद्याबरोबर वाटली. तिखटच झालं. पुढच्या खेपेला तांबड्या भोपळ्याची फोड वाटणात घातली, तर गोड झालं. तिसऱ्या खेपेला ती चिरत बसली असताना मी विचारलं, हातांची आग होत नाही का?

“हातांना काय समजत नाय, गुरुजी.”

त्या दुपारी कोंडूने घास घेतला. बराच वेळ चघळला.

“ती नाय ही.”

“नाय,” सकुबाई म्हणाली.

त्याने थाळी पुढे सरकवली. “वाढ.”

एक अख्खी भाकरी त्याने संपवली.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा सकुबाई ओटीवर बसली होती, दोन्ही हात ताकाच्या परातीत बुडवून.

“चुरचुरतंय,” ती म्हणाली.