चौदापैकी दोन हजर

सिस्टरच्या खोलीत कुणाला 'धांदरट' म्हणायची सोय नव्हती. घाटंजीच्या दवाखान्यात एकदा एक सासरे जावयाला घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धांदरट हाये जी हा. बायकोले बसस्टँडवर ठेवून एकटाच घरी आला." सिस्टरने आवाज चढवला नाही. "बाबाजी, पेशंट आत थांबते. तुमी बाहीर बसा." सासरे तासभर बाहेर बसले.

त्या जावयाचाच मी भाऊबंद, नात्याने नव्हे, धांदरटपणाने. कापसाने माणसं खाल्ली ती वर्षं. तालुक्यात मन तपासणारी पथकं फिरत होती, पण त्यांचा प्रश्न एकच: जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? 'नाही' म्हटलं की पुढचा माणूस. मला मरायचं नव्हतं. माझी फक्त कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधली तिसरी नोकरी गेली होती, कारण नळ सुरू ठेवून मी चहाला गेलो आणि कापसाची अख्खी गंजी भिजली. आमच्यासारख्यांसाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. याचा राग मला आजही येतो.

सिस्टर रकान्याची वाट पाहत बसली नाही. नागपूरहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी आम्हा चौदा जणांना एडीएचडी आहे असं सांगितलं. म्हणजे लहानपणापासून लक्ष एका जागी न टिकणं. मग सिस्टरने आमचा गट बांधला. दिवस निवडला बाजाराचा, कारण त्या दिवशी आम्ही तसेही घाटंजीत असायचोच. एका जागी बसायची सक्ती नव्हती. प्रत्येकासमोर ती निवडायला तूर ठेवायची आणि म्हणायची, "उठा, फिरा, हात चालू ठेवा. कान तेवढे मले द्या." आजार काय आहे, तो कसा सांभाळायचा, हे मला तिथे कळलं. मुख्य म्हणजे आणखी तेरा जण तेच भोगतात, हे कळलं.

एका खेपेला तिने घरच्यांना बोलावलं. माझी बायको सुनंदा भिंतीला टेकून तूर निवडत बसली होती. दुसऱ्या एका बाईचं ऐकून ती पहिल्यांदा बोलली, "मले वाटे, यायच्या मनात माही किंमतच नाही, म्हणून हे सारं भुलतात." सिस्टर म्हणाली, "भुलणं अलग आन किंमत नसणं अलग, बाई." त्या संध्याकाळी बऱ्याच वर्षांनी आमच्या घरात भांडण झालं नाही.

असा गट लोकांना मानवतो का, हे तपासायला जिल्ह्याचे एक साहेब यायचे होते. गट चालणार की बंद होणार, ते त्यांच्या अहवालावर होतं. त्यांनी कळवला तो दिवस बाजाराचा नव्हता. सिस्टरने माझ्यासमोर फोन लावला. "साहेब, दिवस बदलू नका. या लोकायच्या ध्यानात राहात नाही, त्याचाच तर इलाज चालू हाये." साहेबांचं म्हणणं, गरज असेल तर येतील.

सिस्टरने चौदाही घरी चिठ्ठ्या पाठवल्या. तरी आले दोघंच, आणि त्यातली एक तर आज बाजार आहे असं समजून आली होती. मी घरून वेळेवर निघालो होतो. वाटेत एक जण फवारणीचा पंप खोलून बसला होता. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो, आणि पंप सुरू झाला तेव्हा दुपार टळून गेली होती. साहेबांनी लिहिलं, 'चौदापैकी दोन हजर. उपक्रम लोकांना स्वीकारार्ह वाटत नाही.' पाय मोडलेल्याला पळायला सांगायचं आणि याला पळायची आवड नाही असं लिहायचं, त्यातला हा प्रकार. मी अजून तो अहवाल आठवला की दात खातो. थोडे स्वतःवरही.

गट बंद झाला. सिस्टरला महागावला बदलीचा हुकूम आला. पुढच्या बाजाराला आम्ही चौदाच्या चौदा आलो, तर खोलीला कुलूप. सिस्टर ओट्यावर बसली होती. मी माफी मागायला लागलो. "माफी कायले मांगता, भाऊ? मी तुमच्यावर नाही रागावली." तिने एका कागदावर तारीख घातली, चौदाही जणांच्या सह्या घेतल्या आणि साहेबांसाठी खाली लिहिलं, 'आज सर्व हजर.' पाकीट मी पोस्टात टाकतो, असं मी म्हणालो. "नोको. ते मीच टाकते," ती म्हणाली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

साहेबांचं उत्तर आलं नाही. ते विसरले असतील असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विसरणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.