ड्रॉइंगप्रमाणे

‘ड्रॉइंगप्रमाणे करा’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण हेच वाक्य मी माझ्या वडिलांच्या तोंडावर फेकलं होतं. तेही त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्या सोबत्यांसमोर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचे आणि मी दूरच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. आमचा विषय होता अल्पायुषी अणुकेंद्रकं. गरजेपेक्षा जास्त न्यूट्रॉन असलेली ही केंद्रकं सेकंदभरही टिकत नाहीत, त्यामुळे ती साठवून ठेवण्याचा प्रश्नच नसतो. ती तयार होतात तशी त्यांचा झोत करायचा, तो पातळ पत्र्यावर आदळवायचा आणि जे उडेल ते डिटेक्टरनं टिपायचं. हे सगळं निर्वात पेटीत. दोन वर्षं वाट पाहिल्यावर आम्हाला झोताचे पाच दिवस मिळाले होते. माझा अख्खा प्रबंध त्या पाच दिवसांवर अवलंबून होता.

डिटेक्टर धरणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट मी सुट्टीत वडिलांकडून करून घेतली. ड्रॉइंग सरांचं, म्हणजे माझ्या गाइडचं. वडिलांनी चष्मा वर सारून कागद डोळ्यांजवळ धरला.

“ही भोकं आरपार नाहीत गं. स्क्रू आवळला की खाली हवा कोंडणार. साच्यात आम्ही हवेला वाट ठेवतोच. एकेक बारीक भोक मारून देऊ का?”

“बाबा, हे बादल्यांचे साचे नाहीत. ड्रॉइंगप्रमाणे करा.”

शेडमध्ये कुणीतरी हसलं. चौकट वडिलांनी ड्रॉइंगप्रमाणे केली, केसाचाही फरक नाही.

प्रयोगशाळेत पेटी बंद करून पंप सुरू केले. दाब उतरत उतरत एका आकड्यावर अडून बसला; झोत सोडण्याइतकी पेटी रिकामी होईना. आम्ही बाहेरून एकेक सांधा तपासला, गळती कुठेच सापडेना. तीन दिवस असे मातीत गेले. चौथ्या दिवशी पेटी उघडून मी चौकटीचा स्क्रू फिरवला आणि माझी ट्यूब पेटली. हवा बाहेरून येतच नव्हती. स्क्रूखाली कोंडलेली हवा जराजराशी झिरपत होती. भोकं मारून, पेटी पुन्हा लावून दाब उतरेपर्यंत आमचे पाच दिवस संपले आणि झोत दुसऱ्या गटाकडे गेला.

मी सरांना कारण सांगितलं. त्यांनी स्वतःच्या ड्रॉइंगकडे पाहिलं, घडी घालून ते खिशात टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अंबडच्या शेडला काम दिलं की असंच व्हायचं.” अहवालातही तेच आलं: कारागिराच्या कामातील दोष. खाली माझी सही हवी होती. त्या माणसाचा मला भयंकर संताप आला, अजूनही येतो. पण प्रबंध त्याच्या हातात होता आणि मी मुकाट्यानं सही केली.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. वडिलांनी पहिलं तेच विचारलं.

“स्क्रूखाली हवा नाही ना अडकली?”

“नाही बाबा. इथलं मशीनच बिघडलं.”

“मग ठीक,” ते म्हणाले. “मला धास्ती होती, माझ्याच कामात काही राहिलं की काय.”