बाईंची मेल

मारुती मंदिराजवळ माझा सायबर कॅफे होता तेव्हाची गोष्ट. गणिताच्या एक निवृत्त बाई दर बुधवारी मस्कतच्या लेकीला मेल लिहायला यायच्या. कीबोर्डवर एकेक अक्षर शोधायच्या आणि चुकलं की स्वतःलाच "मठ्ठ!" म्हणायच्या.

एका वर्षी दिवाळीनंतर त्या रोज येऊ लागल्या. पासवर्ड विसरायच्या. पडद्यावर दुसरं काही उघडलं, की लिहिलेलं हरवलं म्हणून घाबरायच्या. एकदा त्यांनी मला लेकीचं उत्तर दाखवलं : "आई, हेच तू काल आणि परवाही लिहिलंस. गंमत करतेस का?"

"मी लिहिलं गो?"

मी आधीच्या मेल उघडून दिल्या. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या.

"मस्कतच्या ताईंना मी कळवू का?" मी विचारलं.

"नको. डोकं अजून माझं आहे तोवर मीच कळवते."

त्यांनी सावकाश लिहिलं, "गंमत नव्हती. मला हल्ली आठवत नाही. तू ये."

मेल गेल्यावर मला म्हणाल्या, "हे मी कळवलंय, एवढं उद्या मला सांग हो."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलं मी."